गोळी घेतली की नाही, हे फोनला कसं कळणार?

तीन वर्षांपूर्वी अम्मीला उच्च रक्तदाब असल्याचं कळलं आणि डॉक्टरांनी रोजची एक गोळी सुरू केली. ती विसरू नये म्हणून मी दोन रविवार बसून तिच्या फोनसाठी एक छोटं ॲप लिहिलं. रोज सकाळी नऊला घंटी वाजायची आणि पडद्यावर 'गोळी घेतली' असं बटण यायचं. अडीच महिने ते बटण रोज न चुकता दाबलं गेलं. ऑफिसात बसून मी ते हिरवे चौकोन पाहायचो आणि खूश व्हायचो.

मग एका संध्याकाळी बाळकुमच्या घरी अम्मीला गरगरलं. डॉक्टरांनी दाब मोजला तेव्हा तो १८०/११० होता. घरी येऊन डबा उघडला तर गोळ्या तशाच पडलेल्या. "बरं वाटत होतं, म्हणून बंद केल्या," ती म्हणाली. बटण दाबत होता माझा आठ वर्षांचा भाचा. घंटी वाजली की त्याचा गेम थांबायचा ना! आम्ही एकाच घरात राहतो, पण त्या अडीच महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ॲप सांगत होतंच की.

आम्हा संगणकवाल्यांची ही जुनी खोड आहे. फोन म्हणजेच माणूस, असं आम्ही धरून चालतो. आणि आठवण करून दिली की काम झालं, असंही. पण अम्मी गोळी विसरली नव्हती, तिने ती विचार करून बंद केली होती. दाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि गोळीने तो उतरला तरी जाणवत नाही. मग रोज गोळी कशाला, हा तिचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्याचं उत्तर कुणीतरी समोर बसून द्यायला हवं होतं.

नुसत्या संदेशांनी किती फरक पडतो, हे दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या एका दवाखान्यात तपासलं गेलं. १,३७२ रुग्णांवरच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. वर्षभर एसएमएस पाठवून वरचा दाब सरासरी दोन अंकांच्या आसपास उतरला. अगदीच शून्य नाही, पण भिस्त ठेवावी इतकाही नाही.

आपल्याकडे फोनचा जास्त शहाणा वापर झाला तो वेगळ्याच ठिकाणी. आयसीएमआर, केंद्र व राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून २०१७च्या अखेरीस 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' सुरू केला. महाराष्ट्रात त्याची सुरुवात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत झाली. त्यात 'सिंपल' नावाचं ॲप वापरलं गेलं, तेही रुग्णाच्या फोनवर नव्हे, नर्सताईंच्या फोनवर. रुग्णाच्या हाती क्यूआर कोड असलेलं कार्ड. कार्ड स्कॅन करायचं, दाब आणि औषध नोंदवायचं, काही सेकंदांचं काम. इंटरनेट गेलं तरी नोंद होते. आणि मुख्य म्हणजे, ठरलेल्या तारखेला जे आले नाहीत त्यांची यादी ॲप आपोआप पुढे ठेवतं. मग दवाखान्यातून माणूस फोन करतो: ताई, आला नाहीत, काय झालं? माझ्या हिरव्या चौकोनांपेक्षा ही यादी कितीतरी कामाची.

आपल्या मोहल्ल्यांत मात्र एवढ्यानेही भागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्केच स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. म्हणजे दवाखान्यात 'माझा नंबर' म्हणून लिहिलेला नंबर पुष्कळदा नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर जावेचा असतो. फोन दुपारी आला तर तो कामावर, रिक्षात किंवा गोदामात वाजतो. घरी निरोप पोहोचेलच असं नाही. त्यात नाव-नंबर लिहून घेणाऱ्यांविषयीची भीती. २०२०च्या सुरुवातीला, एनआरसीच्या चर्चेच्या दिवसांत, दारावर आलेल्या कुठल्याही सर्वेक्षणाकडे आपले लोक संशयाने पाहत होते. ती भीती हसण्यावारी नेऊ नये. दाबाच्या नोंदीला किती माहिती पुरते आणि ती कुणाकुणाला दिसते, हे रुग्णाला आधी सांगायला हवं.

रमजानचंही तसंच. सकाळी नऊची घंटी रोजेदाराच्या काय कामाची? दिवसातून एकदा घ्यायच्या गोळीची वेळ डॉक्टर बहुधा सहरीला किंवा इफ्तारनंतर बदलून देतात, पण त्यासाठी चंद्र दिसायच्या आधी विचारावं लागतं. तसं कुणी सांगत नाही, म्हणून महिनाभर गोळ्या परस्पर बंद होतात. इफ्तारची भजी आणि फरसाण तेवढं चालू.

तेव्हा राबोडी, मुंब्रा, भिवंडी, कल्याणच्या आपल्या साथींना माझी विनंती आहे. नवं ॲप काढण्याच्या नादी लागू नका (मला तसे तीन प्रस्ताव आलेत, तिन्ही उत्साही तरुणांचे). आधी जवळच्या पालिका आरोग्य केंद्रात जा आणि विचारा: दाबाचे रुग्ण किती, तारीख चुकलेल्यांची यादी दर महिन्याला निघते का, त्यांना फोन कोण करतं, किती वाजता, कुठल्या भाषेत? एकदम महिना-दोन महिन्यांच्या गोळ्या मिळतात का? ती यादी आपल्या हाती मागू नका, ती रुग्णांची खासगी गोष्ट आहे. आपण एवढं करू शकतो की, नाव नोंदवताना बाई ज्या फोनवर खरोखर सापडेल तोच नंबर लिहिला जाईल हे पाहायचं. शेजारणीचा चालत असेल तर शेजारणीचा, आधी तिला विचारून.

अम्मीच्या फोनमधून मी ते ॲप काढून टाकलं आहे. आता रात्री जेवण झालं की मी डबा तिच्यासमोर ठेवतो आणि रविवारी दाब मोजतो. गेल्या रविवारी १३४/८४ होता. भाच्याला आकडा वहीत लिहायला दिलाय.