हाताला काम आणि हातांचं काम

निवडणुका जवळ आल्या, की 'प्रत्येक हाताला काम' ही घोषणा हमखास ऐकू येते. पूर्वी या घोषणेचे कापडी फलक रंगारी हातानं रंगवत आणि झेंडे-पताका गल्लीबोळातल्या स्क्रीन प्रिंटरकडे छापल्या जात. मग फ्लेक्स आलं. हाताला काम मागणारा फलक आता यंत्रातून काही मिनिटांत बाहेर पडतो. रंगारी गेला, घोषणा राहिली.

त्याबद्दल उसासे टाकायला मी बसलेलो नाही. गेल्या काही वर्षांत एक उलटी गोष्ट घडताना दिसते आहे, तिच्याविषयी लिहायचं आहे. दुकानातून हद्दपार झालेली ही कामं घरात शिरली आहेत. माझ्या ओळखीतल्या एक बाई आठवडाभर एका कचेरीत हिशेबाचं काम करतात आणि शनिवारी दुपारी गच्चीवर लाकडी चौकट घेऊन जातात. जुन्या चादरींच्या पिशव्या, पोळ्यांच्या डब्यात घालायचे रुमाल, भाच्याच्या वाढदिवसाचे सदरे; जे हाती लागेल त्यावर छापतात. रविवारी सकाळी त्याच ओट्यापाशी उभ्या राहून घरचा पाव भाजतात, आवळ्याचा मुरंबा घालतात. यातलं काही विकत नाहीत.

स्क्रीन प्रिंटिंग ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणून बसवायचं. त्यावर उजेडानं घट्ट होणारं रसायन अंधाऱ्या खोलीत सारखं पसरून वाळवायचं. पारदर्शक कागदावर काळ्या शाईनं काढलेलं चित्र काचेखाली त्याला चिकटवून उन्हात धरायचं. ऊन लागतं तिथलं रसायन टणक होतं. काळ्या रेघेखालचं मऊच राहतं आणि पाण्याच्या धारेनं धुऊन जातं. उरतात ती चित्राच्या आकाराची मोकळी छिद्रं. वर रंग घालून रबरी पट्टी एका दमात ओढली, की खालच्या कापडावर चित्र उतरतं. दुसरा रंग हवा असेल तर दुसरी चौकट. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ साली या पद्धतीचं पेटंट घेतलं, पण छिद्रातून रंग सोडायचा आणि बाकीचा अडवायचा ही युक्ती आपल्या रांगोळीच्या छापातही आहेच.

ऐकायला सोपं. पण चैत्रातल्या उन्हाला जेवढा वेळ पुरतो तेवढा श्रावणात पुरत नाही. रंग पातळ झाला तर रेघ फुटते, दाट झाला तर जाळीतच वाळतो. या बाईंची एक वही आहे. तिच्या एका पानावर कोणत्या महिन्यात चौकट किती वेळ उन्हात ठेवली याची टिपणं, तर मागच्या पानावर रव्याच्या लाडवांच्या पाकाची. दोन्हीकडे शेरे सारखेच: 'अजून थोडं थांबायला हवं होतं.' मला ती वही पाहून वाटलं, की हे एकाच विद्येचे दोन विषय आहेत. (एक फरक मात्र जीव मुठीत धरून पाळावा. या रसायनात पूर्वी सर्रास बायक्रोमेट घालत. ते विषारी आहे, कातडीला जखमा करतं. अजूनही काही जण ते वापरतात. डायझो जातीचं मिळतं, ते घ्यावं, आणि चौकट स्वयंपाकघराच्या मोरीत कधीच धुऊ नये.)

या छंदाला एक धक्का सरकारनंच दिला, तोही नकळत. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रानं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. बंदीचं पुढं काय झालं हे मंडईत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण कापडी पिशवीला प्रतिष्ठा आली, हेही खरं. आणि कोरी पिशवी दिसली, की तिच्यावर काहीतरी छापावंसं वाटणं हा मनुष्यस्वभाव आहे. पुढं २०२० ची टाळेबंदी आली आणि ज्यांनी जन्मात कणीक मळली नव्हती त्यांनी पाव भाजले. त्यातल्या बऱ्याच जणांचा उत्साह टाळेबंदीबरोबर उठला. काहींचा टिकला.

आता मुद्द्याकडे येतो. या बाईंकडे येणारा प्रत्येक पाहुणा पिशवी उलटसुलट करून पाहतो आणि विचारतो, "अगं, विकत का नाहीस?" कौतुक म्हणूनच विचारतो. पण या प्रश्नामागं आपल्या काळाचं एक संपूर्ण अर्थशास्त्र उभं आहे.

बँकेत कर्जविभागात असताना मी हा प्रश्न टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं पाहिला आहे. १९८३ साली सुशिक्षित बेरोजगारांसाठी स्वयंरोजगाराची योजना आली, पंचवीस हजारांपर्यंत कर्ज. १९९३ मध्ये पंतप्रधान रोजगार योजना आली, तिची मर्यादा एक लाख. दोन्ही योजनांत आमच्या शाखेकडे स्क्रीन प्रिंटिंगचे अर्ज येत, कारण एक खोली आणि थोडं भांडवल एवढ्यावर धंदा उभा राहू शके. टिकले कोण? ज्यांच्या मागं एखादं साडीचं दुकान, एखादा लेबलं छापून घेणारा कारखाना होता ते. ज्यांचा हात खरोखर गोड होता त्यातले कित्येक बुडाले. लग्नाच्या दोनशे पत्रिका उद्या द्यायच्या असताना हा गृहस्थ किरमिजी रंगाची छटा जमेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून छापायला घेई. धंद्याच्या दृष्टीनं तो गाढवपणाच. आमच्या अर्जात यंत्रसामग्री, कच्चा माल, बाजारपेठ असे रकाने होते. त्या छटेसाठी रकाना नव्हता, आणि असण्याचं कारणही नव्हतं.

'विकत का नाहीस' म्हणणारे हटकून लिज्जतचं उदाहरण देतात. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून केवढी मोठी सहकारी संस्था उभी राहिली, ही कथा सांगावी तेवढी थोडी. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तीही योग्यच. पण तिथली पद्धत पाहा. पीठ शाखेत मळलं जातं, बायका ते घरी नेतात, लाटून आणतात; चव आणि आकार सगळीकडे एकच. कुणी आपल्या लहरीनं मिरी वाढवली तर संस्था चालणार नाही. ते हाताला काम आहे, आणि हजारो घरं त्यावर उभी राहिली. गच्चीवरची चौकट ही निराळी गोष्ट आहे. तिच्यात लहर हाच ऐवज.

सरकारी योजना या दोहोंत फरक करत नाहीत. २०१५ मध्ये मुद्रा आली. १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना सुरू झाली: सुतार, लोहार, कुंभार, शिंपी असे अठरा व्यवसाय, अवजारांसाठी पंधरा हजार, आधी एक लाख आणि मग दोन लाखांचं कर्ज पाच टक्क्यांनी. चांगली योजना आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या कित्येक वस्तूंवरचा आणि फरसाणावरचा वस्तू-सेवा कर बारा टक्क्यांवरून पाचावर आला, तेही उत्तम. पण यातल्या प्रत्येक ठिकाणी हात दिसतो तो विकताना. न विकणारा हात सरकारी कागदावर उमटत नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाचा आंतरराष्ट्रीय संकेत तर मजेदार आहे. घरच्यासाठी घरीच गहू दळले, तर ते तत्त्वतः उत्पादन. त्याच पिठाच्या पोळ्या लाटल्या, तर ते उत्पादन नव्हे. पीठ भिजवताना देशाचं उत्पन्न नेमकं कुठं विरघळतं, हे मला बँकेतल्या तीस-पस्तीस वर्षांत कुणी समजावून दिलं नाही.

आणि इथंच खरी गोम आहे. केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीनुसार २०१९ मध्ये स्त्रिया बिनपगारी घरकामात दिवसाची ३१५ मिनिटं घालवत. २०२४ मध्ये ती ३०५ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं. ही पाच तास पाच मिनिटं म्हणजे मुरंब्याचा छंद नव्हे, हे सांगायला नको. ती संपल्यावर जो वेळ उरतो, त्यात ही चौकट उन्हात जायची असते. नवऱ्यानं रविवारी मटण केलं, की घरभर कौतुक. भांडी कोण घासतं ते विचारू नये. बायकोनं गच्चीवर रंग काढला, की तो 'पसारा'. पण त्याच पसाऱ्यातून महिन्याला तीन हजार येऊ लागले, की सासूबाईसुद्धा कुकर लावतात. म्हणून 'विकत का नाहीस' हा प्रश्न मला वाटतो तेवढा साधा वाटत नाही. विकल्याशिवाय बाईला स्वतःच्या दोन तासांवर हक्क सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ होतो. मला माहीत असलेल्या दोघींनी केवळ या हक्कासाठी विक्री सुरू केली. एकीचं चित्र काढणं त्यात थांबलं. ती आता फक्त 'ऑर्डरी' पुऱ्या करते, एकच मोर, निळ्यात आणि हिरव्यात.

मुलांच्या बाबतीत आपण निराळं काही करतो आहोत असंही नाही. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं. त्याचं शाळेत पुढं 'कार्यानुभव' झालं आणि कार्यानुभवाची वही आयांनी भरली. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा बिनदप्तराचे दिवस आहेत, सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन शिकायचे. तीन वर्षांत दहा दिवस! पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंगपासून स्वयंपाकापर्यंत सगळं करत करत शिकवलं. तिथं २००२ साली 'फॅब लॅब' आली, असल्या प्रयोगशाळा देशात फारशा कुणी ऐकल्याही नव्हत्या तेव्हा. पुण्यापासून तासा-दोन तासांवरचं हे उदाहरण आपण पाहून आलो, वाखाणलं आणि मुलांना शिकवणीच्या वर्गाला पाठवलं.

ग्रंथालयासाठी आपण जागा देतो, वाचक पुस्तक वाचून कमावतो का, असं विचारत नाही. तशीच एक खोली हातांच्या कामासाठी का नसावी? एक मोठं टेबल, ऊन येणारी खिडकी, रसायनांसाठी वेगळं धुण्याचं ठिकाण, एक भट्टी, कपाटात अवजारं. महापालिकेच्या शाळांमधले वर्ग संध्याकाळी रिकामेच असतात. आमच्या सोसायटीच्या सभेत मी तळमजल्यावरच्या पडून असलेल्या खोलीबद्दल हे सुचवलं. अध्यक्षांनी विचारलं, तिथं तयार होणाऱ्या मालावर सोसायटीला किती टक्के मिळतील. माल विकायचा नाही म्हटल्यावर विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. त्या खोलीत सध्या दोन मोडक्या सायकली आणि गेल्या वर्षीच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर आहे.