अंदाजपत्रक कोणाचे, हिशेब कोणाला?

मुंबईच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. राज्यघटनेनुसार निवडणूक त्यापूर्वीच व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी! दरम्यान २०२३, २०२४ आणि २०२५ ची अंदाजपत्रके अधिकाऱ्यांनी प्रशासकाला सादर केली आणि प्रशासकानेच ती मंजूर केली. त्यांतील शेवटचे चौऱ्याहत्तर हजार कोटी रुपयांहून मोठे होते. ना स्थायी समिती, ना सभागृह. नागरिकांकडून सूचना मागविल्या, असे प्रशासन म्हणते. परंतु सूचना मागणे निराळे आणि जाब देणे निराळे.

या कारभाराची किंमत श्रमिकांनी मोजली. मे २०२५ मध्ये ‘बेस्ट’च्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. त्यावेळी कामगार वस्त्यांची बाजू मांडावयास महापालिकेत एकही लोकप्रतिनिधी नव्हता.

याउलट केरळात १९९६ साली डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने लोकनियोजन मोहीम हाती घेतली. योजना-निधीचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपविला. गावांतील ग्रामसभांत आणि शहरांतील वॉर्डसभांत जनता आपल्या गरजा स्वतः मांडू लागली.

तेव्हा सभागृह परत आले, एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. अंदाजपत्रकापूर्वी प्रत्येक प्रभागात जाहीर सुनावणी आणि वर्षअखेर खर्चाचा जाहीर हिशेब, ही मागणी शहरोशहरीच्या पक्षशाखांनी चाळींत आणि झोपडपट्ट्यांत नेली पाहिजे. पाणी, दवाखाना आणि बस या नोकरशाहीने द्यावयाच्या देणग्या नव्हेत. ते जनतेचे हक्क आहेत.