धंद्याची किंमत कोण ठरविणार?

खळ्यावर बलुते घ्यायला आपला बापजादा जाई तेव्हा मापही दुसऱ्याचे असे आणि माप भरणारा हातही दुसऱ्याचाच. जे पदरात पडेल ते घेऊन घरी यायचे, एवढाच त्याचा अधिकार. ती गावकी झुगारून समाज शहरात आला, शिकला, नोकरीत स्थिरावला. आता त्यातले काहीजण स्वतःचे उद्योग उभारीत आहेत. दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना २००५ मध्ये पुण्यात स्थापन झाली, ती याच बदलाची खूण. परंतु धंदा उभारणे वेगळे आणि त्याची किंमत ओळखणे वेगळे. भागीदार बाहेर पडतो, बापाच्या पश्चात भावाभावांत वाटणी होते, कुणी गुंतवणूकदार पैसे घेऊन दारात येतो, तेव्हा प्रश्न उभा राहतो की या धंद्याची किंमत किती? हा आकडा समोरच्याने सांगायचा आणि आपण मान डोलवायची, असे होणार असेल तर खळ्यावरचे माप अजून सुटलेले नाही, असेच म्हणावे लागेल.

एक हिशेब पाहू. समजा, चाकणच्या एका आंबेडकरी तरुणाची सुटे भाग बनविणारी खासगी कंपनी आहे. गुंतवणूकदार म्हणतो, तुझ्या कंपनीची किंमत एक कोटी. मी आणखी एक कोटी घालतो, निम्मी मालकी माझी. याच कंपनीची खरी किंमत तीन कोटी असेल, तर त्याच एक कोटीत त्याला चौथा हिस्सा मिळायला हवा. प्रश्न केवळ पैशाचा नाही. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणात केंद्रीय खाती व उपक्रमांच्या वार्षिक खरेदीतील चार टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ठेवला आहे. पण खासगी कंपनी असेल तर त्यासाठी या समाजांतील प्रवर्तकांचा हिस्सा किमान ५१ टक्के लागतो. निम्मी मालकी देताच हा तरुण त्या हक्काला मुकतो. संघर्षाने मिळविलेला हक्क एका चुकीच्या आकड्याने हातचा जातो!

मग आकडा काढायचा कोणी? कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४७ मध्ये 'नोंदणीकृत मूल्यांककाची' तरतूद आहे. त्याचे नियम ऑक्टोबर २०१७ मध्ये आले. नोंदणी करते नादारी व दिवाळखोरी मंडळ, म्हणजे आयबीबीआय. आवश्यक शिक्षण, काही वर्षांचा अनुभव, ठरलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा एवढे पार केल्यावरच ही नोंदणी मिळते. नोंदणीचे तीन वर्ग आहेत: जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे वा वित्तीय मालमत्ता. कंपनीच्या समभागांची किंमत काढायची तर तिसऱ्या वर्गातला माणूस हवा. यंत्रे मोजणारा माणूस कितीही हुशार असला तरी तुमच्या हातातल्या ऑर्डरी, टिकून राहिलेली गिऱ्हाइके आणि बाजारातला नावलौकिक मोजणे हे त्याचे काम नव्हे. दरवर्षी विवरणपत्र भरणारे सीए भले असतील, पण सीए असणे म्हणजे नोंदणीकृत मूल्यांकक असणे नव्हे. आणि बँकेने पाठविलेला मूल्यांकक बँकेचे हित पाहणार, तुमचे नाही.

म्हणून नेमणुकीपूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. नोंदणी क्रमांक मागून घ्यावा, तो मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळावा. आपल्यासारखे उद्योग त्याने पूर्वी मोजले आहेत का, हे विचारावे. समोरच्या पक्षाशी त्याचे लागेबांधे आहेत का, हेही विचारावे. ज्या मालमत्तेत स्वतःचे हितसंबंध आहेत तिचे मूल्यांकन करण्यास कायद्यानेच त्याला मनाई केली आहे. मूल्यांकन कशासाठी, कोणत्या तारखेचे आणि मानधन किती, हे कागदावर घ्यावे. आकडा जेवढा मोठा तेवढी फी, असे म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. मालमत्ता, उत्पन्न आणि बाजारातील तुलना या तीन मार्गांपैकी कोणता घेतला व का, याचे उत्तर अहवालात असलेच पाहिजे. मालकी किंवा भागीदारीच्या धंद्याला कायद्याची सक्ती नसली तरी वाटणीच्या वेळी असा अहवाल हातात असणे शहाणपणाचे. पुढची कोर्टकचेरी त्याने टळू शकते.

येथे एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. 'आपला माणूस आहे' एवढ्यावर काम सोपविण्याची सवय आपल्यातही आहे. लंडनहून परतल्यावर, १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्यापूर्वी, बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच लोक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद पडली. त्या गिऱ्हाइकांनी जात पाहिली, विद्या पाहिली नाही. आपण जातभाई म्हणून माणूस निवडला तर तीच चूक उलट्या बाजूने करीत असतो. कालामांना तथागतांनी सांगितले ते हेच की कुणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या. आणि पारखून घेतलेला आकडा आपल्या मनासारखा निघाला नाही तरी तो स्वीकारण्याची तयारी हवी. कर्जासाठी फुगविलेल्या किमतीचे हप्ते शेवटी आपल्याच घरातून जातात.

याला दुसरी बाजूही आहे. वाणिज्य, अभियांत्रिकी शिकलेली आपली मुले-मुली फक्त स्पर्धा परीक्षांच्या रांगेत का उभी? अभियांत्रिकीच्या ठराविक शाखांतील पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव असणाऱ्यालाही हे दार उघडे आहे. त्यांनी या व्यवसायात शिरावे आणि योग्यतेच्या बळावर कुणाच्याही कारखान्याचे मोल करावे. समाजाने त्यांना निवडावे ते त्यांच्या विद्येकडे पाहून. माप कायद्याचे असेल, ते धरणारा हात जाणत्याचा असेल आणि त्याला नेमणारे आपण असू, तेव्हाच घामाचे खरे मोल आपल्या पदरात पडेल.