मेजर-मायनर ठरण्याआधीचे दोन क्रेडिट

प्रति,
मा. अधिष्ठाता, विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखा,
तसेच मा. अध्यक्ष, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान अभ्यास मंडळे

विषय : बी.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी दोन क्रेडिटचा करिअर-शोध अभ्यासक्रम सुरू करण्याबाबत.

महोदय / महोदया,

भारतीय वन सेवेच्या परीक्षेला बसायचे तर पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा पशुवैद्यक यांपैकी निदान एक विषय लागतो. नाहीतर मग शेती, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. या यादीत सूक्ष्मजीवशास्त्राचे नाव नाही, जैवतंत्रज्ञानाचेही नाही. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाचे नेमके उलटे आहे. २०११च्या नियमांत जैवतंत्रज्ञान, जैवरसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी चालते. वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्राचा तिथे उल्लेख नाही. बियाणे नियम, १९६८ उघडावेत तर बीज विश्लेषकाच्या पदाला वनस्पतिशास्त्राची पदवी आणि बियाणे तंत्रज्ञानातला तीन वर्षांचा अनुभव पुरतो, पण प्राणिशास्त्रवाल्याला तिथे जागा नाही.

तीन सरकारी नियमावल्या, तीन वेगळ्या याद्या. एकाच मजल्यावर शिकणाऱ्या, एकाच ऑटोक्लेव्हसाठी खोळंबणाऱ्या मुलामुलींची या याद्यांनी आधीच वाटणी करून टाकलेली असते. त्यांना ते कळते बहुधा पदवी हातात पडल्यावर, जाहिरातीतला पात्रतेचा रकाना वाचताना.

जुन्या रचनेत यावर फारसा इलाज नव्हता. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत आहे, आणि निवेदन देणाऱ्या विद्यार्थी प्रतिनिधींचे व शिक्षकांचे सारे म्हणणे त्याभोवती आहे. पहिल्या वर्षी तीन विषय शिकायचे. दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर, एक मायनर, आणि एक सोडायचा. जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याने सोडलेला विषय रसायनशास्त्र असेल, तर वरची पहिली यादी पुन्हा वाचून पाहावी. मायनर म्हणून घेतलेला विषय पात्रतेला धरला जाईल की नाही, हे त्या त्या जाहिरातीच्या शब्दांवर अवलंबून असते. ते शब्द नीट वाचता येणे हेही एक कौशल्यच आहे आणि सध्या ते कोणी शिकवत नाही.

आज मायनर निवडला जातो तो कसा? कोणत्या विषयाला मार्क सुटतात, कोणत्या मॅडम समजावून सांगतात, मैत्रिणीने काय घेतले, आणि कोणते प्रॅक्टिकल लवकर सुटून साडेचारची एसटी मिळते, यावर. यातले शेवटचे कारण हसण्यावारी नेऊ नये. ज्या मुलीची पुढची गाडी रात्री आठला आहे, तिच्यासाठी ते पुरेसे सयुक्तिक आहे. पण ते एकमेव कारण असू नये.

इथे येणारे विद्यार्थी कोण, हेही लक्षात घ्यावे. २०२४ साली नीटला देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतच होत्या. उरलेल्यांपैकी कोणी ड्रॉप घेतो, कोणी बीएएमएस-बीएचएमएसकडे वळतो, कोणी नर्सिंग किंवा फार्मसीला जातो, आणि बरेच जण बी.एस्सी.ला नाव घालून ठेवतात. ‘घालून ठेवतात’ हाच घराघरांतला शब्द आहे. पहिल्या सत्रात यांतले काही पुढच्या मे महिन्यातल्या नीटचीच पुस्तके वाचत असतात. त्यांना जीवशास्त्र आवडत नाही असे नाही. जीवशास्त्र म्हणजे डॉक्टर, याखेरीज त्याचे दुसरे रूप त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. मागितलेला अभ्यासक्रम सगळ्यात आधी यांच्यासाठी आहे.

महाविद्यालयांत करिअर मार्गदर्शन होत नाही, असा आरोप इथे नाही. ते होते, वर्षातून एकदा, सभागृहात. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, तासाभराचे भाषण, त्यात ‘संधी अमाप आहेत’ हे वाक्य, मग उपस्थितीपत्रकावर सह्या आणि फलकासमोर जिओटॅग केलेला फोटो. नॅकच्या मूल्यांकनात स्पर्धा परीक्षा व करिअर समुपदेशनाचा लाभ घेतलेल्या विद्यार्थ्यांची संख्या विचारली जाते, त्यामुळे उपस्थितीपत्रक जपून ठेवले जाते. भाषणात काय सांगितले हे मात्र पुढच्या आठवड्यात कोणाला आठवत नाही. दोनशे जणांना एकदम सांगण्याची ही गोष्टच नव्हे.

म्हणून मुख्य मागणी अशी की, दुसऱ्या सत्रात, मेजर-मायनर ठरण्यापूर्वी, जीवशास्त्र समूहातील सर्व विद्यार्थ्यांसाठी दोन क्रेडिटचा करिअर-शोध अभ्यासक्रम असावा. एक क्रेडिट वर्गातले, म्हणजे १५ तास. दुसरे प्रत्यक्ष कामाचे, म्हणजे ३० तास. यासाठी नवे क्रेडिट नको. कौशल्यवृद्धी अभ्यासक्रमांच्या विद्यमान टोपलीतच त्याला जागा करता येईल. त्याला लेखी परीक्षा मात्र कृपया नसावी. ‘करिअर म्हणजे काय ते सांगून त्याचे प्रकार लिहा’ असा प्रश्न एकदा छापला गेला की गाइडे निघतील आणि सारे मुसळ केरात जाईल.

परीक्षेऐवजी मुलांनी काय करावे? प्रत्येकाने निदान तीन काम करणाऱ्या माणसांना भेटावे, त्यांचा दिवस कसा जातो ते विचारावे, शक्य असेल तिथे पाहावे, आणि लिहून आणावे. पगार, पाळी, बढती, कंत्राट हे प्रश्न विचारायला लाजू नये, हे वर्गात आधी शिकवावे. उदाहरणादाखल औषध कारखान्यातल्या गुणवत्ता विभागाची सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा घ्यावी. बाहेरून वाटते, दिवसभर पेट्री डिश आणि सूक्ष्मदर्शक. प्रत्यक्षात निर्जंतुकता चाचणीचे नमुने १४ दिवस उबवणीत ठेवायचे, रोज पाहायचे आणि रोज नोंदवायचे. चुकीचा आकडा लिहिला तर खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर नाहीच. एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. निम्मे काम कागदावर असते. जर्नल शेवटच्या आठवड्यात एकमेकांचे बघून पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला हे एकदा डोळ्यांनी दिसले, तर दोन गोष्टींपैकी एक होईल : तो जर्नल वेळेवर लिहू लागेल, किंवा हे आपले काम नव्हे हे ओळखून वेळीच दुसरीकडे बघेल. दोन्ही चांगलेच.

भेटायला माणसे कुठून आणायची, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी पडू नये. पुण्यात राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट आहे. मुंबईत परळला १८९९ पासूनची हाफकिन संस्था आणि वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. नागपुरात नीरी आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था. पण ही मोठी नावे झाली, आणि तालुक्याच्या महाविद्यालयाला ती लांबची वाटणार. तिथे दुसरी माणसे आहेत. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको सुरू केली ती जालन्यात, आणि आज ते गाव बियाणे उद्योगासाठी ओळखले जाते. उगवणशक्तीच्या चाचणीसाठी शंभर-शंभर दाण्यांचे चार संच ओल्या कागदात गुंडाळून ठेवणारी बाई तिथल्या महाविद्यालयापासून फार लांब बसत नसते. जळगावच्या केळीमागे टिश्यू कल्चरच्या रोपांची प्रयोगशाळा आहे. कोकणात कोळंबीच्या हॅचऱ्या आहेत, नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात निर्यातीसाठी कीटकनाशकांचे अंश तपासावे लागतात, दूध संघांत प्रयोगशाळा आहेत, आणि प्रत्येक तालुक्याला रक्तपेढी नसली तरी पॅथॉलॉजी लॅब असतेच.

काही वाटा तर जवळ असूनही कोणाच्या तोंडी नसतात. पेटंट एजंटची परीक्षा द्यायला विज्ञानाची कोणतीही पदवी आणि वयाची २१ वर्षे पूर्ण असणे पुरते, बी.एस्सी. झालेली मुलगी ती देऊ शकते, हे कित्येक प्राध्यापकांनाही नवे असेल. वंध्यत्व उपचार केंद्रांतल्या भ्रूणतज्ज्ञाचे काम २०२१च्या कायद्याने नियमांच्या चौकटीत आले आहे, त्याची अर्हता ठरलेली आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद, वैद्यकीय कोडिंग, क्लिनिकल ट्रायलची कागदपत्रे ही कामे पुण्या-मुंबईत बरीच आहेत. त्यांत कंटाळवाणी किती आणि वर चढता येण्याजोगी किती, हे कंपनीच्या माहितीपत्रकातून कळत नाही. तिथे पाच वर्षे काढलेला माजी विद्यार्थी पाच मिनिटांत सांगतो.

वेळापत्रकाचेही असेच. इन्स्पायर शिष्यवृत्ती बोर्डाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना मिळू शकते, वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत, पण अर्ज करायचा तो पदवीच्या पहिल्याच वर्षी. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीच्या जॅम परीक्षेचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. तिच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात रसायन, भौतिक आणि गणितही असते. अकरावीतच गणिताला रामराम ठोकलेल्याला हे तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत कळून उपयोग नाही. पहिल्या वर्षी कळले, तर तयारीला दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या मिळतात. जीएटी-बी, सीयूईटी-पीजी, टीआयएफआरची प्रवेश परीक्षा, विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप या सगळ्यांच्या तारखांचा तक्ता विद्यापीठाने दरवर्षी जूनमध्ये विभागांच्या फलकांवर लावावा, ही या निवेदनातली सर्वांत स्वस्त मागणी.

‘आधी विषय तरी नीट शिकू द्या’ असा आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक असेल. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, २०१३ व २०१४ मध्ये ‘बेस्ट’ या योजनेखाली १७ संस्थांना निधी दिला, जीववैद्यकीय पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अध्यापन-संशोधनापलीकडचे मार्ग पाहता यावेत, हा हेतू. तिथल्या मार्गदर्शकांनाही हीच धास्ती होती. २०२१ मध्ये दहा संस्थांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की या उपक्रमांत भाग घेतलेल्यांची पीएच.डी. लांबली नाही आणि शोधनिबंधही घटले नाहीत. ते पीएच.डी.चे विद्यार्थी होते, इथे अठरा वर्षांची मुले आहेत. निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आठवड्याच्या दोन-तीन तासांनी विषय बुडतो, हे म्हणणे तरी त्यापुढे सैल पडते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे : शिकवणार कोण? अनेक महाविद्यालयांत विज्ञानाचे विभाग तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या जिवावर चालतात. नवा अभ्यासक्रम आला की तो त्यांच्याच गळ्यात पडणार, हे उघड आहे. नेट-सेट होऊन तासावर मानधन घेणाऱ्या माणसाने मुलांना करिअर शिकवावे, यातला विरोधाभास मुलांच्या नजरेतून सुटत नाही. तेव्हा या अभ्यासक्रमाच्या प्रत्यक्ष कामाच्या तासांनाही पूर्ण मानधन मिळावे, समन्वयक शिक्षकांसाठी विद्यापीठाने उन्हाळ्यात छोटे प्रशिक्षण घ्यावे, आणि बाहेरून येणारे तंत्रज्ञ, बीज विश्लेषक, लॅब चालवणारे यांना प्रवासखर्च द्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ योजना आहे खरी, पण ती अनुभवी, नामवंत मंडळींसाठी आहे. इथे नामवंत नकोत. नोकरीला लागून चार-पाच वर्षे झालेले पुरे.

अहवाल मराठीत लिहिण्याची मुभा स्पष्ट शब्दांत असावी. भेटी मराठीत होणार, उत्तरे मराठीत मिळणार. मग मुलाने ती मोडक्या इंग्रजीत उतरवून काढायची आणि त्यात निम्मा अर्थ सांडायचा, हे कशाला? अर्ज आणि बायोडेटा इंग्रजीत लिहायला अवश्य शिकवावे, तिथे ती भाषा लागतेच. तिसऱ्या वर्षाच्या चार क्रेडिटच्या ऑन जॉब ट्रेनिंगशीही हा अभ्यासक्रम जोडावा. सध्या कित्येक जण ओळखीच्या लॅबमधून प्रमाणपत्र आणतात आणि प्रकरण मिटते. दुसऱ्या सत्रात ज्यांची भेट घेतली त्यांच्याकडेच दोन वर्षांनी शिकायला गेले, तर त्या प्रमाणपत्राला काही वजन येईल.

शेवटची मागणी आकडेवारीची. गेल्या पाच वर्षांत जीवशास्त्राच्या प्रत्येक विषयातून उत्तीर्ण झालेले विद्यार्थी पुढे कुठे गेले, किती एम.एस्सी.ला, किती बी.एड.ला, किती नोकरीत, किती घरी, हे विद्यापीठाने महाविद्यालयांकडून मागवून नावांशिवाय प्रसिद्ध करावे. आकडे ओशाळवाणे निघाले तरी निघू द्यावेत. प्रवेशाच्या वेळी पालक विचारतात, ‘याला पुढे काय आहे?’ आज विभागप्रमुखांकडे त्याचे उत्तर म्हणून दोन-तीन यशस्वी माजी विद्यार्थ्यांची नावे असतात, बाकी काही नाही.

हा अभ्यासक्रम पहिल्या वर्षी सगळीकडे सुरू करणे जड जाईल, याची निवेदनकर्त्यांना कल्पना आहे. त्यांची सूचना अशी की, येत्या दुसऱ्या सत्रात निवडक महाविद्यालयांत प्रयोग करावा, त्यांत निदान निम्मी तालुक्याच्या ठिकाणची असावीत, आणि त्याचा आढावा अभ्यास मंडळांपुढे ठेवून मगच विद्या परिषदेकडे प्रस्ताव जावा. पाठ्यक्रमाचा कच्चा मसुदा शिक्षकांनी तयार केला असून तो या निवेदनासोबत जोडला आहे. अभ्यास मंडळांच्या पुढील बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि त्याआधी प्रतिनिधींना भेटीसाठी अर्धा तास द्यावा. शक्यतो शनिवारी, म्हणजे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकल बुडणार नाहीत.

आपले विश्वासू,
जीवशास्त्र विषयांचे विद्यार्थी प्रतिनिधी व समन्वयक शिक्षक