सिग्नलला बंद पडणारी गाडी आणि 'बदलून बघू' नावाचा रोग

गेले तीन आठवडे माझी गाडी द्वारका सर्कलला हमखास बंद पडायची. चालताना काही नाही. ब्रेक मारून थांबलो की सुई खाली खाली जायची, एक आचका आणि गप्प. मागून हॉर्नचा जो गजर व्हायचा तो नाशिककरांना सांगायला नको. चावी फिरवली की लगेच चालू, पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच.

हा नुसता वैताग नाही. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं. ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोनदा पाय दाबेपर्यंत पुरते, मग पेडल दगडासारखं. उतारावर, गर्दीत हे झालं तर कोणाच्या तरी अंगावर गाडी जाणार.

शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला नेली. स्कॅनर लावला, म्हणाले कोड काही दाखवत नाही. तरी एस्टिमेट हातात ठेवलं १४,८०० रुपयांचं. फ्युएल पंप आणि पूर्ण थ्रॉटल बॉडी. विचारलं, पंप खराब आहे हे कशावरून? उत्तर आलं, "सर, बदलून बघू, नाहीतर मग पुढचं बघू." म्हणजे प्रयोग त्यांचा, खर्च माझा! व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर तिथे एकमताने निदान झालं, इथेनॉल. हल्ली घरातला मिक्सर बिघडला तरी इथेनॉलच. जुन्या गाड्यांच्या रबरी भागांवर वीस टक्के इथेनॉलचा काय परिणाम होतो हा प्रश्न खरा आहे, सरकारने त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं. पण न तपासता नाव घेणं हा सर्व्हिस सेंटरचाच रोग झाला.

शेवटी पंचवटीतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. थंड असताना बंद पडते का गरम झाल्यावर? एसी लावला की वाढतं का? बंद पडल्यावर लगेच चालू होते का? आणि मग, "साहेब, एवढ्यात मुंबईहून आलात का गाडी घेऊन?" म्हटलं, मागच्याच रविवारी, चार माणसं आणि सामान. "कसारा घाटात दम तोडला का?" अजिबात नाही. "मग पंपाला कशाला हात लावायचा? सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं ते घाटात. तिथे पुरलं आणि सिग्नलला पुरत नाही, असं कसं होईल?"

दोन मिनिटांत १४,८०० मधला मोठा आकडा गेला.

पुढचंही त्यांनी समजावून सांगितलं. पाय उचलला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. इंजिन चालू राहायला लागते तेवढीच हवा बाजूच्या बारीक वाटेने आत जाते आणि ती किती सोडायची हे आयडलचा व्हॉल्व्ह ठरवतो. वर्षानुवर्षं इंजिनातल्या ऑइलची वाफ तिथे जाऊन काळं किटण धरतं, वाट अरुंद होते. चालताना झडप उघडी असते म्हणून कळत नाही. थांबलं की जीव गुदमरतो, त्यात एसीचा कॉम्प्रेसर लागला की संपलंच. आणि असं किटण असलं तरी कोड येईलच असं नाही. आधी त्यांनी सगळे व्हॅक्यूमचे पाइप वाकवून, कान लावून तपासले, कारण तडा गेलेल्या पाइपानेही असंच होतं. ते धड निघाले. मग थ्रॉटल आणि व्हॉल्व्ह खोलून साफ केला. फडकं डांबरासारखं काळं झालं. मजुरी आणि क्लीनरचा डबा धरून ७०० रुपये. आज अकरावा दिवस, गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

सगळे छोटे गॅरेजवाले देव आहेत असं मी म्हणत नाही. त्याआधी एकाने मला विनाकारण चार प्लग विकलेच होते. पण या मिस्त्रींची खरी अडचण वेगळी आहे. नव्या गाड्यांत थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक. काहींत साफ केल्यावर कॉम्प्युटरला आयडल पुन्हा शिकवावं लागतं, त्याला त्या कंपनीचा स्कॅनर लागतो. यांच्याकडचा साधा स्कॅनर कोड वाचतो, पुढे त्याचा हात टेकतो. डोकं आहे, अवजार नाही. तिकडे अवजार आहे आणि...असो.

हा प्रश्न नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण हेच, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. प्रकरण पुढे अपिलात आणि कोर्टात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं, त्यात वाहनं आहेत. पण पोर्टलवर माहिती टाकणं कंपनीच्या मर्जीवर ठेवून पंचवटीतल्या गॅरेजात काय पोहोचणार? त्याला कायद्याची सक्ती हवी.

ते दिल्लीचं झालं. इथे होण्यासारखंही आहे. आपल्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड आहे. तिथे गॅरेज चालवणाऱ्यांसाठी संध्याकाळी स्कॅनरचे वर्ग का घेऊ नयेत? एक चांगला स्कॅनर एका गॅरेजला परवडत नाही, वीस जणांना मिळून परवडेल. रोजगार मेळाव्याचे फ्लेक्स लावणाऱ्या आमच्या लोकप्रतिनिधींना हे सुचवून बघणार आहे.

तोवर एवढं करा. कुठेही एस्टिमेट घेताना त्यावर लिहून मागा, कोणती तपासणी केली, काय आढळलं, कोड आला असेल तर कोणता. आणि बदललेला जुना भाग परत घ्या. मी लिहून मागितलं तेव्हा काउंटरवरचा पोरगा आत जाऊन मॅनेजरला विचारून आला आणि म्हणाला, "सर, तसा फॉरमॅट नाहीये आमच्याकडे."