शिक्षणाची न सकारलेली हुंडी

नामदार गोखले यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडिलें. १९१२ सालीं तें फेटाळलें गेलें. तेव्हां राज्य परक्यांचें होतें. स्वराज्यांत कोठारी आयोगानें १९६६ सालीं राष्ट्रीय उत्पन्नाचे शेंकडा ६ शिक्षणास द्यावे असें सांगितलें; २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क दिला व खर्चाची जबाबदारी केंद्र आणि राज्य या उभयतांवर टाकिली. तरी २०२० च्या धोरणास तोच शेंकडा ६ चा आंकडा पुन्हा लिहावा लागला! दोन भागीदारांनीं सही केलेली हुंडी मुदतींत न सकारल्यास पेढीची पत काय राहते, हें व्यापाऱ्यांस सांगणें नको. प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळीं उभयतांकडून या हुंडीचा हिशेब मागणें, हें आम्ही करदात्यांचें कर्तव्य समजतों.