खरीप मेळावा परभणीत. पण गाडी नसलेल्या शेतकऱ्याने पोहोचायचे कसे?

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. दरवर्षी याच दिवशी परभणीत खरीप मेळावा भरतो. तज्ज्ञांचे मार्गदर्शन असते, बियाणेही मिळते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून शेतकरी येतात. पण सगळ्यांकडे स्वतःची गाडी नसते.

रेल्वे : परभणी जंक्शनला मनमाड, पूर्णा आणि परळी अशा तिन्ही बाजूंनी गाड्या येतात. जालना, नांदेडकरांना ही सोय चांगली. लातूरहून परळीमार्गे, हिंगोलीहून पूर्णामार्गे यावे. बीड शहरातून थेट रेल्वे नाही.

एसटी : महिलांना अर्धे तिकीट, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत.

खरी अडचण शहरात उतरल्यावर सुरू होते. स्थानकापासून विद्यापीठापर्यंत रिक्षाचा खर्च, वर मे महिन्याचे ऊन आणि परतताना हातात बियाण्याची पिशवी. एसटीने त्या दिवशी स्थानक ते मेळावा जादा फेऱ्या सोडाव्यात. विद्यापीठानेही महत्त्वाची सत्रे आणि बियाणे विक्री परतीच्या गाड्या पाहून ठरवावी. निमंत्रणपत्रिकेत पाहुण्यांच्या नावांसोबत गाड्यांच्या वेळाही छापाव्यात. सल्ल्याची सर्वाधिक गरज असलेला कोरडवाहू शेतकरी एसटीनेच येतो.